आधी कागद बघ, मग शब्द लिही

प्रिय बाळ,

तुझा मेसेज रात्री वाचला. खानापूरकडच्या त्या आईनं तुरुंगातल्या मुलाचा कागद पुढं केला, त्यावर कन्नडमध्ये 'विचारणाधीन कैदी' असं होतं, आणि तू मराठीत 'तो कैदी आहे' एवढंच सांगितलंस. बाई मटकन खाली बसली. आता तू विचारतेस, "सर, कैदी म्हणू, बंदी म्हणू की आरोपी?"

कुठला शब्द कानाला बरा लागतो, हे विचारूच नकोस. माणूस कुठल्या हुकमानं आत आहे ते विचार. आधी कागद बघ, मग शब्द लिही.

कन्नडमधली 'विचारणे' म्हणजे कोर्टात चालणारा खटला. आपल्या मराठीत विचारणा म्हणजे नुसती चौकशी. त्यामुळं बेळगावच्या हिंडलगा तुरुंगाच्या दारात उभी राहणारी आपली माणसं एकतर 'विचारून सोडतील की' असं धरून चालतात, नाहीतर पुढचा 'कैदी' ऐकून शिक्षाच झाली असं समजतात. महाराष्ट्रातल्या तुरुंगाच्या कागदांत खटला चालू असलेल्या अशा माणसाला 'न्यायाधीन बंदी' म्हणतात, आणि दोष शाबित झालेल्याला 'सिद्धदोष बंदी'. अर्जात तेच लिही. पण आईशी बोलताना 'कच्चा कैदी' म्हण, आणि लगेच पुढं सांग, 'अजून निकाल लागलेला नाही.' हे दुसरं वाक्य गाळायचं नाही. कितीही घाई असो, गाळायचं नाही.

तू म्हणशील, एका शब्दानं काय होतंय? अगं, 1894 च्या तुरुंग कायद्यातसुद्धा कच्च्या कैद्याला पक्क्यापासून वेगळं ठेवायला सांगितलंय, आणि स्वतःचे कपडे वापरायची, बाहेरून जेवण घ्यायची सवलत दिलीय. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 बघ. 1 जुलै 2024 पासून ते लागू आहे. आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यानं आताच्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामीन मिळायला हवा. इतरांसाठी ती मर्यादा निम्म्याची. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेत, आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तरी हे मिळत नाही. मुदत भरली की तुरुंगाच्या अधीक्षकानं स्वतः कोर्टाला लेखी कळवायचं असतं. हे सगळं न्यायाधीन बंद्यासाठी आहे. ज्या आईला तू नुसतं 'कैदी' सांगितलंस, ती हे विचारायला परत तुझ्याकडं येईल का?

स्थानबद्ध माणूस, म्हणजे पुढं काही करील या संशयावरून आत ठेवलेला, आणखी वेगळा. त्याच्यावर खटलाच नसतो. 1950 साली सावरकरांना हिंडलग्यात ठेवलं होतं ते प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली, शिक्षा म्हणून नव्हे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तुरुंगातल्या कच्च्या-पक्क्या कुणालाच मत देता येत नाही, पण स्थानबद्धाला देता येतं. दिवाणी कैदी तर कर्जाच्या डिक्रीपायी, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या हुकमापायी, आत जातो, तेही जास्तीत जास्त तीन महिने, आणि त्याच्या पोटाचा भत्ता सावकारानं भरायचा असतो. या दोघांना गुन्हेगारांच्या यादीत घालणाऱ्या बातम्या मी वाचल्यात, आणि संपादकांना पत्रं लिहिलीत. एकही छापलं गेलं नाही. तरी लिहीत राहिलो.

इंग्रजी कागद आला की जास्त जपून. तिथं 'इनमेट' हा एकच शब्द तुरुंगातल्यालाही चालतो आणि वृद्धाश्रमातल्या आजीलाही. तू त्याचं सरसकट 'कैदी' करशील तर निरीक्षणगृहातलं पोर कैदी होईल, धारवाडच्या मनोरुग्णालयातला माणूस कैदी होईल. पोराला कायद्यात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे, मान्य. बोलताना 'निरीक्षणगृहात ठेवलेला मुलगा' म्हण. धारवाडचा तो रुग्ण, बस्स.

हुबळीची सेटलमेंट ऐकून असशील. 1871 पासून आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पोराबाळांसकट कुटुंबं अशा वसाहतींत डांबली, हजेऱ्या घेतल्या. त्यातल्या कितींवर कधी आरोपसुद्धा नव्हता. कायदा देशभरातून 1952 साली गेला. 'सेटलमेंटवाला' हा शिक्का नातवंडांच्या कपाळी राहिला. माझा संताप तिथला आहे.

वकिलीच्या सुरुवातीला याच हट्टापायी एका वरिष्ठांशी माझं बिनसलं. 'आरोपी, गुन्हेगार, एकच की रे,' असं म्हणायचे. मी ते चेंबर सोडलं. पुढं बरीच वर्षं हातात मोठी कामं आली नाहीत, घरच्यांना ओढाताण सोसावी लागली. त्याची हळहळ आजही आहे, पण चेंबर सोडल्याची नाही. निकालाआधी माणसाला गुन्हेगार म्हणायचा हक्क न्यायाधीशालाही नाही, मग तो आपण कुठून आणायचा? सीमालढ्यात हिंडलगा बघून आलेली माणसं आपल्या घराघरांत आहेत. त्यांना कुणी गुन्हेगार म्हटलेलं आपल्याला चालतं का? मग त्या खानापूरच्या पोराला का चालावं?

असो. रागावलो नाही. तुझं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे, म्हणून तर तुझ्याकडून जास्त मागतो.

सोमवारी कोर्टात गेलीस की आधी त्या मुलाच्या रिमांडचा कागद काढ. कलम कुठलं, कमाल शिक्षा किती, अटकेची तारीख, पुढची तारीख, आधीचा काही गुन्हा आहे का, हे पाचही मराठीत एका चिठ्ठीवर लिही. मग त्या बाईंना फोन कर, स्वतः. बस नसेल तर तूच खानापूरला जा.

तुझा,
सर