शेती सांभाळून टेरिटोरियल आर्मीत जाता येतं का?

तुम्ही विचारलंय की गावात तीन एकर ऊस आणि दोन म्हशी आहेत, तर ते सांभाळून टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे टीएत, जाता येईल का आणि पगार बारा महिने मिळतो का. मी कोल्हापूरच्या 109 टीए बटालियनमध्ये जवान होतो, घरची शेतीच आहे. जाता नक्की येतं. पगार मात्र बारा महिन्यांचा धरू नका.

1948 च्या कायद्याने उभी राहिलेली ही फौज मुळातच अशा माणसांची, ज्यांचं पोट दुसऱ्या कामावर चालतं. त्यामुळे भरतीच्या वेळीच कामधंदा काय करता ते दाखवावं लागतं, त्यात शेतीही चालते. आपल्या ग्रामीण युनिटांना वर्षाला साधारण दोन महिन्यांचं सलग ट्रेनिंग असतं. एम्बॉडी केलं, म्हणजे ड्यूटीवर घेतलं, की पगार, भत्ते, रेशन सगळं रेग्युलर जवानासारखं. डिसएम्बॉडी झालात की हत्यार आणि सामान जमा करून घरी यायचं, पगार तिथे थांबतो. पेन्शनलाही 15 वर्षांची एम्बॉडी सेवाच धरतात, नुसतं नाव पटावर असून भागत नाही.

आता खरी अडचण. दोन महिन्यांचा हिशेब धरून जाऊ नका. इन्फंट्री, म्हणजे पायदळाच्या, बटालियनला बोलावणं आलं की मुक्काम लांबतो. नोकरदाराला कायद्याचा आधार आहे, परत आल्यावर मालकाने त्याला कामावर घ्यायचं असतं. आपल्या उसाला तसं कोण विचारतो? जम्मूत माझ्या शेजारच्या खाटेवर राधानगरीकडचा एक जण होता. ऐन हंगामात त्याची तोड आली. ड्यूटी संपवून आला की बूटसुद्धा न काढता फोनवर टोळीच्या मुकादमाला विनवायचा, "दोन दिवस थांबा, ट्रॅक्टर बघतो." शेवटी ट्रॅक्टर बघितला त्याच्या बायकोने, आणि ऊस वेळेत कारखान्याला घातला. त्या बाईंचा मला आजही फार आदर वाटतो. तेव्हा अर्ज भरण्याआधी घरात बसून बोला: तोड, पाणीपाळी, म्हशींच्या धारा कोण बघणार? आईवडील थकलेले असतील आणि तुम्ही एकटेच असाल, तर मी थांबा म्हणेन.

घरचं जमत असेल तर मात्र जरूर जा. वर्दीत असताना माझ्या गावाने मला दिलेला मान मी कधी विसरणार नाही.

जनरल ड्यूटीसाठी, म्हणजे साध्या जवानाच्या जागेसाठी, वय 18 ते 42. दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33. उंची 160 सेंमी, छाती 77, फुगवून 82. मैदानात 1.6 किलोमीटर धावणं, पुलअप्स, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी, झिगझॅग बीमवर तोल सांभाळणं. धावण्याची तयारी डांबरी रस्त्यावर नको, नडगी धरते. शेतातल्या पायवाटेवर करा. दहावीच्या मार्कशीटवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आजच बघा, दुरुस्तीला वेळ लागतो. आणि "आत ओळख आहे" म्हणत कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, भरतीला पैसे लागत नाहीत.