सायनससाठी आणखी काय घेऊ? आधी काय थांबवायचं ते बघू

ताई, नाक चोंदणं, गालफडं ठणकणं, खाली वाकलं की डोकं फुटेलसं वाटणं, हे सगळं मी सहा वर्षं भोगलंय. तुम्ही तीन महिन्यांपासून दूध, दही, केळं, भात सोडलाय. व्हिटॅमिन सी, ५० मिलिग्रॅमची झिंकची गोळी, हळदीची कॅप्सूल आणि दोन वेळा काढा चालू आहे. तरी दर दोन महिन्यांनी त्रास उलटतोच, आणि तुम्ही विचारताय की यात अजून काय घालू. मी म्हणेन, काही घालू नका, यातलं निम्मं काढून टाका.

झिंक आधी. सर्दी लागल्यापासून २४ तासांत चघळायच्या गोळ्या सुरू केल्या तर ती जरा लवकर आटोपते, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण तीन महिने रोज ५०? मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. झिंक असं जास्त जात राहिलं की शरीरातलं तांबं घटतं. मग रक्त कमी होणं, हातापायांना मुंग्या. नाकात घालायचं झिंक तर बघूसुद्धा नका. अमेरिकेत २००९ मध्ये अशा जेलविरुद्ध सरकारी इशारा निघाला होता, लोकांचा वास गेला म्हणून.

व्हिटॅमिन सी रोज घेणाऱ्या मोठ्यांची सर्दी साधारण ८ टक्के लवकर बरी होते. म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत अर्धा दिवस. शिंका सुरू झाल्यावर पळत जाऊन आणलेल्या नारिंगी गोळ्यांचा तेवढाही भरवसा नाही. पेरू खा, आवळा खा, दिवसाची गरज भागून उरते. हळद भाजीत असते तेवढी पुरे. कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालून तिचं शोषण वाढवलेलं असतं, आणि अशा कॅप्सूलांनी लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. काढ्यात ज्येष्ठमध असेल तर महिनोन् महिने नको, त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

आता दूध-दही. १९९० साली ऑस्ट्रेलियात ६० जणांना मुद्दाम सर्दीचा विषाणू देऊन त्यांच्या दुधाचा आणि शेंबडाचा हिशेब ठेवला होता. दुधाने शेंबूड वाढल्याचं दिसलं नाही. दूध प्यायल्यावर घशात दाटल्यासारखं वाटतं, ते लाळेत मिसळून घट्ट होतं म्हणून. तुम्हाला खरोखर काही बाधत असेल तर गोष्ट वेगळी, पण 'थंड पदार्थ' म्हणून ताटातलं दही उडवण्यात अर्थ नाही. (आमच्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही.)

मग पोटातून काहीच उपयोग नाही का? आहे, गरम पातळ पदार्थांचा. १९७८ मध्ये फ्लोरिडातल्या डॉक्टरांनी नाकातला शेंबूड किती वेगाने सरकतो ते मोजलं. गरम पाण्याने वेग वाढला, चिकन सूपने त्याहून थोडा जास्त, थंड पाण्याने उलट मंदावला. परिणाम अर्ध्या तासातच ओसरला, म्हणून एकदाच वाडगाभर ढोसण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं घ्या. आमच्याकडे अळणी असते: मटण किंवा चिकन शिजवलेलं पाणी, मिरी, आलं, चार लसूण पाकळ्या. शाकाहारी असाल तर कुळथाचं कढण किंवा पातळ मुगाचं कढण. तिखटाने नाक वाहतं आणि तेवढ्यापुरतं मोकळंही वाटतं, पण आत साठलेलं त्याने निघत नाही.

ते काढायला मला उपयोग झाला तो नेतीचा, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक आतून धुण्याचा. अर्धा लिटर पाणी, सपाट चहाचा चमचा मीठ, किंचित कमीच. पाणी उकळून कोमट केलेलं हवं. नळाचं तसंच कधीही नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाचं पाणी नेतीला वापरणाऱ्या दोघांचा मेंदूत अमीबा शिरून मृत्यू झाला होता. प्यायलं तर त्या अमीबाने काही होत नाही, नाकातून मात्र तो थेट वर जातो. नेतीपात्रही धुऊन कोरडं ठेवा.

आता माझी गोष्ट. माझं दुखणं कायम डाव्याच बाजूला, आणि त्या नाकपुडीतून कुजका वास. घरात कोणाला येत नसे, मलाच यायचा. अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले, वाफा झाल्या, काढे तर विचारू नका. शेवटी एका ईएनटीने, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरने, सीटी स्कॅन काढला आणि मला दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. वरच्या दाढेचं मूळ आत सडलेलं. त्या मुळाच्या आणि गालातल्या सायनसच्या, म्हणजे हाडातल्या पोकळीच्या, मध्ये हाडाचा पातळ पापुद्राच काय तो असतो. रूट कॅनल झालं, दीड महिन्यात डावं नाक मोकळं. सहा वर्षांचं पथ्य त्या दाढेला बिचारीला कळलंच नव्हतं.

तुमचं कुठल्या बाजूचं दुखतं, ते लिहिलं नाहीत. दर दोन महिन्यांनी होतंय म्हणजे एकदा ईएनटीला दाखवायलाच हवं. दहा दिवसांत उतार नसेल किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला तर तेव्हाही. शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागू नका, साध्या विषाणूच्या सर्दीतही तो हिरवा होतो. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान आखडणं असलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. घरात कोणाला मधुमेह असेल आणि नाकात काळी खपली दिसली तर रात्र असली तरी निघा. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने आपल्याकडे काय केलं ते पाहिलंय आपण.

काढ्यात काय काय घालता आणि दुखणं कुठल्या बाजूचं, एवढं कळवा.