विचारा सुभेदारांना : रणगाडे मोजले कुणी?

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. माझा मुलगा भरतीची तयारी करतोय. लोंगेवालाचा सिनेमा पाहून तो पहाटे पळायला लागला. आता मोबाईलवर कुणाचं तरी ऐकून म्हणतो, "आई, सगळं बंडल आहे. रणगाडे विमानांनी फोडले, पायदळ नुसतं बसून होतं." शौर्यकथांची पुस्तकंही त्यानं रद्दीत काढलीत. त्याला काय सांगू? (एक शिक्षिका, खटाव)

उत्तर : ताई, पुस्तकं रद्दीतून काढा. पोराचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि निम्म्यावरच तो थांबलाय.

4 डिसेंबर 1971 च्या रात्री राजस्थानच्या वाळवंटातल्या लोंगेवालाच्या ठाण्यावर 23 पंजाब या पलटणीची एक कंपनी होती, सव्वाशेच्या आतबाहेर माणसं. कंपनी कमांडर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोरून चाळीसहून जास्त पाकिस्तानी रणगाडे आले. आपल्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, त्यामुळे उजाडेपर्यंत हे ठाणं पायदळानंच धरलं. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर आली आणि रणगाड्यांचा फडशा पाडला. वाळूत रणगाडे वेडेवाकडे गरगर फिरल्याच्या खुणा विमानातून काढलेल्या फोटोत आजही दिसतात. श्रेय कुणाचं, यावर पुढं निवृत्त अधिकाऱ्यांत बरीच जुंपली. मला विचाराल तर भांडण्यासारखं त्यात काही नाही. रात्र एकाची, दिवस दुसऱ्याचा.

सिनेमाची गोष्ट वेगळी. 'बॉर्डर'मध्ये आपले जवान धडाधड पडतात. प्रत्यक्षात त्या ठाण्यावर आपले दोन जवान गेले. सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग राठोड पडद्यावर शहीद होतात. खरे भैरोंसिंग सेना मेडल घेऊन गावी परतले आणि 2022 मध्ये जोधपूरला वारले. पंचवीस वर्षं या माणसाला लोकांना सांगावं लागलं असेल, की बाबांनो, मी आहे अजून.

आता पुस्तकांचं. मी आयुष्यभर पलटणीच्या ऑफिसात टाईपरायटर बडवला. शौर्यपदकासाठी वर जाणारी सायटेशनं, म्हणजे कामगिरीची शिफारसपत्रं, माझ्या हाताखालून गेली. एकदा एका चकमकीनंतर जवानाला समोर बसवून विचारलं, किती पडले? तो म्हणाला, "अंधार होता साहेब. दोन पडलेले बघितले. तिसरा ओरडला, पण मेला का ते ठाऊक नाही." पहिल्या मसुद्यात दोन लिहिले. तो वरून परत आला, त्यावर पेन्सिलीनं शेरा : फार साधं वाटतं. दुसऱ्यात तीन झाले. तिसऱ्यात "किमान पाच", वर "तुफान गोळीबाराची पर्वा न करता" हे वाक्य, जे मला झोपेतही टाईप करता येत असे. जवानानं खोटं सांगितलं नव्हतं. तो खरंच एकटा पुढं गेला होता आणि पदकाच्या लायकीचा होता. पण उद्या कुणी त्या कागदावरून पुस्तक लिहिलं, तर पाचच छापणार.

म्हणून मी वाचताना एवढंच बघतो, की सांगणाऱ्याला हे दिसलं असेल का. खंदकातल्या माणसाला शेजारचा गडी, थंडी, जाम झालेली रायफल, संपलेलं पाणी हे सगळं दिसतं. त्याबाबतीत मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. शत्रूचे किती मेले, हे त्याला क्वचितच दिसतं.

रेझांग ला ही खिंड घ्या. चीनशी झालेल्या युद्धात 18 नोव्हेंबर 1962 ला लडाखमध्ये चुशूलजवळ मेजर शैतानसिंगांची 13 कुमाऊंची कंपनी जवळजवळ संपली. जिवंत परत आलेल्या मोजक्या जवानांनी, शेवटपर्यंत लढलो, असं सांगितलं, तर त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवेना. फेब्रुवारी 1963 मध्ये तिथं माणसं पोचली तेव्हा बर्फात प्रेतं जागच्या जागी होती, हातात हत्यारं तशीच. जखमींना बघणारा नर्सिंग असिस्टंट हातात इंजेक्शनची सिरिंज घेऊन गोठलेला. फेकाफेक वाटलेली गोष्ट शब्दन् शब्द खरी निघाली! त्याच लढाईत चिनी किती मेले, याचे मात्र छापाल तेवढे आकडे फिरतात. ते आकडे मी सोडून देतो.

मुलाला म्हणावं, पळणं थांबवू नको. भरतीला सिनेमा विचारत नाहीत, सोळाशे मीटर विचारतात.

प्रश्न : 1962 वर साहेबलोकांनी लिहिलेली पुस्तकं एकमेकांच्या विरोधात जातात. खरं कोण? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जितका हुद्दा मोठा, तितकं पुस्तक वकिलाच्या कैफियतीसारखं. जनरल कौल यांचं 1967 मध्ये आलं, ब्रिगेडियर दळवींचं 1969 मध्ये. आजच्या अरुणाचलातल्या नामका चू नाल्याच्या काठी ब्रिगेड दळवींची, तिला पुढं रेटणाऱ्या कोअरचे, म्हणजे वरच्या मोठ्या फौजेचे, कमांडर कौल. दोघांनाही आपली बाजू मांडायची होती. दळवी मला जास्त पटतात, कारण बूट, कपडे, दारूगोळा काय नव्हतं ते जिन्नसवार सांगतात आणि स्वतः त्या नाल्यावर होते. पण दिल्लीत कोण काय म्हणालं हे लिहितात तेव्हा तीही ऐकीव माहितीच.

आपले कोल्हापूरकडचे जनरल थोरात यांनी चीनविरुद्धची योजना लढाईच्या आधीच दिली होती. मागाहून सुचलेलं शहाणपण नव्हतं ते. पण तेव्हाच्या बंद खोलीतल्या संभाषणांना त्यांची एकट्याचीच साक्ष आहे, आदर ठेवूनही एवढं म्हणावं लागतं. ज्या चौकशी अहवालानं निवाडा झाला असता, तो हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारनं कधी प्रसिद्ध केला नाही. 2014 मध्ये काही भाग बाहेर फुटला, तेवढाच.

आणि सरकारी कागद म्हणजे देववाणी, असंही धरून चालू नका. कारगिलमधल्या बटालिक भागातल्या लढाईच्या नोंदी बदलल्याचं सशस्त्र दल न्यायाधिकरणानं 2010 मध्ये मान्य केलं आणि त्या दुरुस्त करायला सांगितलं.

प्रश्न : आमचे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. एका नदीच्या उंच बांधावर मशीनगनच्या माऱ्यात गडी पाण्यात उतरले, असं सांगायचे. घरात सगळे हसायचे. तपासता येईल? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : हसू नका. ही सेनियो नदी असण्याची दाट शक्यता आहे. तिचे पूरबांध उंच होते आणि जर्मनांनी ते पोखरून मोर्चे केले होते. 9 एप्रिल 1945 ला तिथंच मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून अलीकडे आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवला. घरात आजोबांचं डिस्चार्ज बुक शोधा, जुन्या ट्रंकेत असतं बहुधा. त्यावरचा नंबर आणि पलटण कळवून बेळगावच्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. पलटणींच्या युद्ध डायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात असतात. तिकडं कुणी नातेवाईक असेल तर एप्रिल 1945 ची पानं मागायला सांगा. पलटणीचा नंबर मात्र बरोबर द्या, मराठ्यांच्या एकापेक्षा जास्त पलटणी इटलीत होत्या.