वाचकांचे प्रश्न : झेंडू हे नाव आलं कुठून?

प्रश्न : झेंडू हा शब्द मूळचा कुठला? झेंड्याच्या भगव्या रंगावरून तो पडला असं आमच्याकडे सांगतात. ते बरोबर आहे का? (सांगली)

उत्तर : झेंड्याशी नातं आहे ते फक्त कानाला. नाव रंगावरून पडलं असतं, तर बाजारात केशरीच्या बरोबरीने विकल्या जाणाऱ्या पिवळ्या झेंडूचं काय करायचं? रंग बाजूला ठेवा आणि फुलाचा आकार बघा. मग जरा शेजारच्या भाषांमध्ये डोकावून या.

कानडीत झेंडूला चेंडु हूवु म्हणतात, म्हणजे सरळसरळ चेंडूफूल. मल्याळममध्ये चेंडुमल्ली. तेलुगूत बंती पुव्वु, आणि बंती म्हणजेही चेंडूच. हिंदीतला गेंदा गेंदेवरून आला. बंगाली गाँदा त्याच्याच कुळातला. एवढ्या भाषांना हे फूल बघून एकच गोष्ट आठवली असेल, तर मराठी झेंडूचं नातं चेंडूशी लावणं हीच सर्वांत पटणारी वाट आहे. च आणि झ एकाच वर्गातले. मात्र मराठीत च-चा झ होण्याचा काही ठरलेला नियम नाही. त्यामुळे ही व्युत्पत्ती अर्थाच्या आणि शेजारच्या भाषांच्या बळावर उभी आहे, ध्वनिनियमाच्या नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

आयुर्वेदाच्या पुस्तकांत ‘झण्डू’ असं संस्कृत रूप दिसतं आणि काही जण तेच मूळ मानतात. इथे इतिहास आड येतो. झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. कोलंबसाच्या आधी तो भारतात असण्याचा प्रश्नच नाही. युरोपीय दर्यावर्दी आणि व्यापारी यांच्यामार्फत तो १६व्या शतकापासून पुढे इकडे आला. तेव्हा या फुलाचं कोणतंही संस्कृत नाव फार तर चार-पाचशे वर्षांचं, आणि तेही बोलीतून उचललेलं असण्याचाच संभव जास्त. कंदुक, गेंदुक हे चेंडूचे शब्द मात्र जुने आहेत. नवं फूल आलं आणि त्याला जुनं नाव चिकटलं.

सगळ्यांनीच चेंडू पाहिला असंही नाही. काहींनी पाकळ्या मोजल्या. नेपाळीत झेंडू म्हणजे सयपत्री, शंभर पाकळ्यांचं. गुजरातीत गलगोटा आहेच, पण हजारी हेही नाव चालतं. आणि खुद्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत त्याला सेंपोआल्शोचित्ल म्हणत : सेंपोआली म्हणजे वीस, शोचित्ल म्हणजे फूल. त्या लोकांची मोजणी विसाच्या पटीत चाले, म्हणून तिथला वीस हा आपल्या ‘शेकड्याने’सारखा, पुष्कळ या अर्थाचा. स्पॅनिशमध्ये त्याचं सेंपासुचिल झालं. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत मृतांचा सण असतो, तेव्हा आजही याच फुलांनी वेदी सजवतात.

कोकणात त्याला गोंडा म्हणतात. टोपीला, शालीला लावतात तो गोंडा. गोव्यात दसऱ्याला ‘रोजां’ विकायला येतात, तीही हीच. रोजा हा पोर्तुगिजांचा गुलाब. तिथे परकं नाव आलं आणि भलत्याच फुलावर जाऊन बसलं.

प्रश्न : झेंडू मेक्सिकोचा, मग बियाण्याच्या पाकिटावर ‘आफ्रिकन’ आणि ‘फ्रेंच’ का लिहितात? आणि मेरीगोल्डमधली मेरी कोण? (नाशिक)

उत्तर : दोन्ही नावं प्रवासाच्या गैरसमजातून आली. स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून बी आणलं. ते उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इतकं रुजलं, की तिथून फूल पाहणाऱ्या युरोपियनांना ते तिथलंच वाटलं, असं मानतात. बुटकी, तांबूस छटेची जात फ्रान्समार्गे इंग्लंडात पोचली, म्हणून ती फ्रेंच. आपल्याकडे या दुसरीला मखमल म्हणतात, आणि आमच्या मते हे नाव फ्रेंचपेक्षा कितीतरी नेमकं आहे. तिच्या गडद पाकळीवरून बोट फिरवून बघा.

शास्त्रीय नावं स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली पक्की केली : उंच झेंडू टॅजेटिस इरेक्टा, म्हणजे ताठ उभा, आणि मखमल टॅजेटिस पॅट्युला, म्हणजे पसरणारी. टॅजेटिसमागे टॅजेस आहे. इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या कथेत शेत नांगरताना तासातून एक मुलगा वर येतो, वयाने पोर पण ज्ञानाने म्हातारा, आणि लोकांना भविष्य सांगायची विद्या शिकवतो. तो हा टॅजेस.

मेरी म्हणजे येशूची आई. पण मेरीगोल्ड हे नाव आधी वेगळ्याच फुलाचं, युरोपातल्या कॅलेंडुलाचं. अमेरिकेहून आलेल्या झेंडूला ते मागून मिळालं. हा घोळ आज महागात पडतो. परदेशी पाककृतीत किंवा घरगुती मलमाच्या कृतीत ‘मेरीगोल्डच्या पाकळ्या’ लिहिलेलं असतं ते बहुधा कॅलेंडुलाबद्दल, आणि आपल्याकडे त्यात झेंडू पडतो. दोन्ही ओळखणं अवघड नाही. कॅलेंडुलाचं पान अखंड, लांबट आणि हाताला किंचित चिकट. झेंडूचं पान दातेरी पर्णिकांचं. उजेडासमोर धरलं तर त्यात तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, उग्र वास त्यांचाच. बी पाहिलं तर शंकाच उरत नाही. कॅलेंडुलाचं बी वाकडं आणि खरबरीत, झेंडूचं सरळ, काळं, सुईसारखं.

प्रश्न : हाराच्या झेंडूच्या पाकळ्या कुंडीत कुस्करून टाकल्या तर कधी भरपूर रोपं येतात, कधी एकही नाही. असं का? (पुणे)

उत्तर : आपण एक फूल म्हणतो तो असंख्य छोट्या फुलांचा गुच्छ असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात. तेव्हा शंभर काय नि हजार काय, नावं ठेवणाऱ्यांनी फार अतिशयोक्ती केलेली नाही. प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र फूल, आणि तिच्या बुडाशी एकच बी. पाकळी ओढून काढली की खाली पांढरट काडी दिसते, तेच कच्चं बी. ते काळं झाल्याशिवाय उगवत नाही. हारासाठी फुलं पूर्ण उमलताच खुडतात, बी पिकायच्या बरंच आधी. ज्या हारातली काही फुलं झाडावर जास्त दिवस राहिलेली असतात, त्यातून रोपं येतात.

दुसरं कारण, गच्च भरलेल्या जातींत बाहेरची पाकळीवाली फुलंच जास्त असतात. ती फक्त मादी असतात. परागकण मधल्या नळीसारख्या फुलांत असतात आणि ती अशा जातींत फार थोडी. मधमाशीने दुसरीकडून पराग आणला नाही, तर बी पोचट राहतं. उंच झेंडू आणि मखमल शेजारी लावून संकराचं बी धरू नका. पहिल्यात २४ गुणसूत्रं, दुसरीत ४८. संकराच्या झाडात ३६ येतात. ते फुलतं भरपूर, पण त्याला बी धरत नाही. एकाच जातीतल्या संकरित वाणाचं बी उगवतं, मात्र रोपं एकसारखी निघत नाहीत.

बी धरायचं तर चांगलं फूल झाडावरच सुकू द्या. खालची हिरवी पेली तपकिरी आणि कोरडी झाली की कोरड्या दिवशी खुडा, सावलीत आठवडाभर वाळवा. काळं, कडक, टोकाला फिकट तुरा असलेलं बी ठेवा. बोटांत धरून वाकतं ते फेका. पेली ओली असताना डबा बंद केला की आत बुरशी. एका ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया बसतात, तेव्हा घरच्या बागेला चिमूटभर पुरे. पुढच्याच हंगामात पेरून टाका. ठेवलं तर दरवर्षी उगवण घटते.

प्रश्न : दसऱ्याला घरचीच फुलं हवी असतील तर बी कधी टाकावं? (चिपळूण)

उत्तर : तारीख पाठ करू नका. दसरा सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत कधीही येतो. दसऱ्यापासून मागे मोजा. रोप लावणीला यायला २५ ते ३० दिवस, लावणीनंतर उंच झेंडूच्या पहिल्या तोडणीला सुमारे ६० दिवस. म्हणजे तीन महिने धरा. शेंडा खुडणार असाल तर आणखी आठ-दहा दिवस आधी पेरा. खुडल्याने फांद्या आणि फुलं वाढतात, पण बहर लांबतो आणि चेंडू थोडा लहान होतो.

बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल नको. उबेत चार ते सात दिवसांत उगवतं. कोकणात अडचण उगवणीची नसते, पावसाची असते. वाफा सपाट असला की रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. गादीवाफा निदान १५ सेंटिमीटर उंच करा आणि वर आडोसा द्या. लावताना उंच झेंडूला दोन ओळींत ६० आणि दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, मखमलीला ३० पुरतं. युरियाचा हात आखडता ठेवा, नाहीतर दसऱ्याला नुसता पाला कापावा लागेल.