तू तिथे होतास का?

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे लांबलचक पत्र मिळाले. बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, कुमार रॉकर याची सही असलेले त्याच्या छायाचित्राचे कार्ड एका विक्रेत्याकडे आहे, त्याने रविवारपर्यंतची मुदत दिली आहे, किंमत तुझ्या विद्यार्थी-भत्त्यात कशीबशी बसते, आणि रॉकरचे आजोळ भारतीय असल्यामुळे तो आपल्या संग्रहात असायलाच हवा असे तुला वाटते, हे सगळे समजले. त्याचे सामने टीव्हीवर मन लावून पाहिले आहेत, तर तेवढ्याने आपल्या संग्रहाचा नियम पाळल्यासारखे होईल का, असे तू शेवटी विचारतोस. नाही होणार. तो पिचिंग करत होता तेव्हा तू तिथे होतास का, आणि त्याने सही केली तेव्हा तू तिथे होतास का, एवढे दोनच प्रश्न आहेत आणि दोन्हींचे उत्तर 'हो' असावे लागते. त्यात आजोळाचा संबंध येतोच कुठे?

खरे सांगायचे तर पत्र वाचून मी थोडा चिडलोच. न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला सॉमरसेट पॅट्रियट्सच्या सामन्यांना तू माझ्याबरोबर येत होतास, तेव्हा कुंपणाशी उभे राहून कोणापुढे कार्ड धरायचे हे तुला सांगावे लागत नव्हते. न्यूयॉर्क यँकीजच्या त्या डबल-ए, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या, संघातल्या नवख्या पोरांचा खेळ तू नऊ इनिंग स्कोअरकार्डवर टिपत बसायचास आणि मगच सहीचा विषय काढायचास. तोच तू आता विचारतोस की कार्ड शोमध्ये टेबलामागे बसलेल्या निवृत्त खेळाडूची, तिकीट काढून रांगेत उभे राहून घेतलेली सही धरायची की नाही. अरे, तू एक वयस्कर गृहस्थ सही करताना पाहिलास. त्याचा खेळ झाला तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. निदान एकदा तरी तो तुझ्या डोळ्यांसमोर बॅट घेऊन उभा राहिलेला असावा किंवा त्याने एक तरी चेंडू टाकलेला असावा. डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळणारा खेळाडूही मी मोजत नाही, मग कोणी मला कितीही कर्मठ म्हणो.

बाजाराने हा प्रश्न मुद्दाम धूसर करून ठेवला आहे. 1990 मध्ये अप्पर डेक या कार्ड कंपनीने जुना नामांकित फलंदाज रेजी जॅक्सन याची सही असलेली 2,500 कार्डे विक्रीच्या पाकिटांमध्ये विखरून ठेवली, आणि पुढे सही ही पाकिटातून निघण्याची वस्तू होऊन बसली. आजच्या कित्येक कार्डांवर तर खेळाडूने सही केलेली नसतेच. तो पारदर्शक स्टिकरांच्या तावावर सह्या करून मोकळा होतो आणि कंपनी ते स्टिकर नंतर कार्डावर चिकटवते. म्हणजे तू तिथे नव्हतास हे सोड, कार्डसुद्धा तिथे नव्हते! बनावट सह्यांचा धंदा तर निराळाच. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाने जी टोळी उघडकीस आणली, तिच्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही होता. पण माझा आक्षेप केवळ खऱ्याखोट्याचा आहे असे समजू नकोस. तुझ्या विक्रेत्याचे कार्ड शंभर टक्के अस्सल असेल, त्यावर प्रमाणपत्र असेल, ते प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद असेल. तरीही सही झाली त्या घटकेशी तुझा काडीचा संबंध नसेल.

मला लोक विक्षिप्त म्हणतात ते याच कारणासाठी. 2015 मध्ये, पुढे यँकीजचा नामांकित फलंदाज झालेला ॲरन जज त्यांच्या तेव्हाच्या डबल-ए संघाकडून, ट्रेंटन थंडरकडून, खेळत होता, तेव्हा डेलावेअर नदीकाठच्या त्या छोट्या मैदानावर मी त्याला पाहिले आणि त्याची सही घेतली. 2022 मध्ये त्याने एका मोसमात 62 होमरन मारून अमेरिकन लीगचा विक्रम मोडला, तेव्हा ओळखीच्या लोकांनी ते कार्ड विकण्याचा सल्ला दिला, काहींनी तर आकडेही सांगितले. माझ्या अल्बममध्ये जजच्या शेजारी त्याच संध्याकाळी खेळलेला एक सेकंड बेसमन आहे, जो मेजर लीगपर्यंत कधीच पोहोचला नाही. माझ्या स्कोअरकार्डवर त्याच्या नावापुढे उलटा 'के' आहे, म्हणजे बाद ठरवणारा तिसरा स्ट्राइक तो बॅट न फिरवता नुसता बघत राहिला. तरी सामन्यानंतर त्याने कार्ड मांडीवर ठेवून, जीभ दातांत धरून, अक्षर न अक्षर वाचता येईल अशी सही केली. जुना नामांकित फलंदाज हार्मन किलब्रू मिनेसोटा संघाच्या तरुण खेळाडूंना सही वाचता आली पाहिजे असे बजावत असे. त्याला हा मुलगा आवडला असता. दोन्ही कार्डे मला सारखीच मोलाची आहेत, आणि हे ढोंग आहे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

थोडे कामाचे सांगतो. चकचकीत क्रोम कार्डावर शाई थेंबाथेंबाने फुटते, म्हणून टॉप्स हेरिटेजसारखे खरखरीत कागदाचे कार्ड ने आणि निळे शार्पी मार्कर ने. पुढे करण्यापूर्वी रद्दी कागदावर ते एकदा ओढून बघ. ज्या दिवशी पिचर सामना सुरू करणार असेल त्या दिवशी त्याच्या वाटेला जाऊ नकोस. मायनर लीगमध्ये पाळी नसलेले पिचर बऱ्याचदा होम प्लेटमागच्या खुर्च्यांवर बसून चेंडूंची नोंद ठेवत असतात. सामना संपल्यावर त्यांना अदबीने विचार. लहान मुले असतील तर आधी त्यांना पुढे जाऊ दे. एकच कार्ड पुढे कर आणि स्वतःचे नाव घालून माग. तुझे नाव मोठ्या रोमन अक्षरांत चिठ्ठीवर लिहून कार्डाला लाव, तरी ते चुकेलच, चुकू दे. नाव घातले की कार्डाची बाजारातली किंमत पडते असे तू लिहितोस, जणू त्यात काही वाईट आहे.

आता तू वकिली करशील, म्हणून पिचर रॉय हॅलडेचे सांगून ठेवतो. त्याचा मे 2010 चा मायामीतला परफेक्ट गेम, म्हणजे समोरचा एकही फलंदाज बेसवर पोहोचू न दिलेला सामना, मी टीव्हीवर पाहिला, तो धरत नाही; पण त्याच मोसमात फिलाडेल्फियाला त्याला प्रत्यक्ष पाहिले. सही मात्र मिळाली नाही, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये तो विमान अपघातात गेला. माझ्या मुलाने एका वाढदिवसाला त्याची सही असलेले कार्ड विकत आणून माझ्या हातात ठेवले. मी ते परत करायला लावले. मुलगा बरेच दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, आणि माझ्या शब्दांना धार जरा जास्तच होती हे मला मान्य आहे. पण कार्ड ठेवून घेतले असते तर बाकीच्या अल्बमचे काय झाले असते? एकदा सवलत दिली की पुढच्या प्रत्येक कार्डाशी पुन्हा घासाघीस करावी लागते. अल्बममध्ये हॅलडेचे कार्ड आहे, सहीवाचून, आणि ते पाहून मला आजही हळहळ वाटते. ती हळहळ पैसे देऊन मिटवायची नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

रॉकर तर हयात आहे, तरुण आहे. तुला कसली घाई? त्याचा संघ टेक्सास रेंजर्स दर मोसमात यँकीजशी खेळायला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये येतो. त्या मालिकेत त्याची पाळी येईलच असे नाही. संभाव्य पिचरांची नावे जाहीर होईपर्यंत थांब आणि मग वरच्या मजल्यावरचे स्वस्त तिकीट काढ. त्याची पाळी आली, तर दुसऱ्या दिवशी दारे उघडताच पाहुण्या संघाच्या डगआउटपाशी जाऊन उभा राहा. नाहीच आला, तर जो कोणी पिचिंग करेल त्याचा स्कोअर लिही आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा. विक्रेत्याला मात्र रविवारची वाट न पाहता आजच नकार कळव.

तुझा,
काका