प्रसूती रजेचे वर्ष आणि पदोन्नती

प्रश्न : मी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. सीएएस या पदोन्नती योजनेसाठी स्वमूल्यमापन भरताना रजेच्या वर्षी अध्यापनाच्या 480 पैकी 225 तास, म्हणजे 47 टक्केच येतात. पदोन्नती अडकेल का?

उत्तर : नाही. तुम्ही छेद चुकीचा धरलाय, आणि बहुतेकांचं इथंच चुकतं. यूजीसीच्या 2018च्या नियमांत प्रसूती, बालसंगोपन, अभ्यास, वैद्यकीय अशा रजांचा काळ प्रतवारीतून वगळतात. उरलेल्या काळाच्या कामावरून वर्षाची प्रतवारी ठरते. आठवड्याला 16 तास, 30 आठवडे म्हणजे 480. त्यातले अध्यापनाचे 15 आठवडे रजेत गेले असतील, तर छेद 240. 225 तास म्हणजे जवळपास 94 टक्के. 80 किंवा जास्त असले की ‘चांगले’, 70 ते 80 ‘समाधानकारक’. प्रात्यक्षिकं आणि ट्यूटोरियलही धरा, ती हमखास राहून जातात.

अर्जाला रजामंजुरीचा आदेश आणि त्या सत्राचं वेळापत्रक जोडा, नाहीतर छाननीत आकडा पुन्हा 480वर जातो. मात्र अध्यापन ‘चांगले’ असलं तरी परीक्षाकाम, विद्यार्थी उपक्रम वगैरेंपैकी किमान एक बाब त्या वर्षी दाखवावी लागेल. तिची कागदपत्रं आजच प्राचार्यांच्या कार्यालयातून घ्या.