ओ-यू-जी-एच आणि आपला ‘ळ’

प्रश्न : गुरुजी, माही नात सहावीत हाये. थ्रू, टफ, कॉफ, दो, साऱ्या शब्दाईच्या शेवटी ओ-यू-जी-एच येते. मंग उच्चार दर येळी अलग काऊन? पोट्टी मले विचारते, मी कोनाले विचारू?
– एक आजोबा, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आजोबा, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी भर वर्गात नांगराला ‘प्लफ’ म्हणालो होतो. टफ, रफ, तर प्लफ! हेडमास्तर व्हरांड्यात उभे. मधल्या सुट्टीत चहा पाजून हळूच म्हणाले, ‘सर, ते प्लाऊ आहे.’

या जी-एचला पूर्वी खरंच आवाज होता, घसा खाकरल्यासारखा. १४७६ साली विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना आणला आणि त्यानंतर स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. जीभ काही थांबली नाही. थ्रू, दो, प्लाऊमधला तो खरखराट गळाला. टफ, इनफ, कॉफमध्ये त्याचा ‘फ’ झाला. आपलं तरी काय? लिहितो शाळा, डोळा, केळं. बोलतो शाया, डोया, केयं. ‘ळ’ वहीत राहिला, तोंडातून गेला.

(कॉफ म्हणजे खोकला. बाटलीवर ‘कफ सिरप’ लिहितात म्हणून आपला छातीतला कफ त्याच्याशी जोडू नका, तो संस्कृतातला.)

अर्थ मात्र तुमच्या घरचेच आहेत. ड्राऊट म्हणजे दुष्काळ, बाऊ म्हणजे झाडाची मोठी फांदी, डो म्हणजे मळलेल्या कणकेचा गोळा. ट्रॉफ म्हणजे ढोरांचा पाणी प्यायचा लांबट हौद. पावसाळ्यात हवामानाच्या बातम्यांत कमी दाबाचा लांबट पट्टा सांगतात ना, त्यालाही इंग्रजीत ट्रॉफच म्हणतात. मला सगळ्यांत आवडते ती थ्रू आणि थरोची जोडी. मुळात दोन्ही एकच शब्द. थ्रू म्हणजे आरपार. आणि काम आरपार, कसून केलं की ते थरो.

नातीला नियम शोधायला लावू नका, सापडायचा नाही. हौदापाशी ट्रॉफ, कणीक मळताना डो, असं म्हणवून घ्या. अमेरिकेत प्लाऊचं स्पेलिंग पी-एल-ओ-डब्ल्यू असं सुटसुटीत करून टाकलंय. पण पोरीला सध्या ते सांगू नका. पेपरात लिहून येईल आणि मार्क कापले जातील.